मदत हवी आहे: रोबो व्हॅक्यूमच्या ॲपमधला नकाशा टॉकबॅकने वापरता येतो का?

नमस्कार मंडळी. मी पूर्ण अंध आहे, गुहागरला राहते. फोन अँड्रॉइड. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट सगळं टॉकबॅकवरच (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) करते, तेव्हा "आधी टॉकबॅक नीट शिका" हे उत्तर कृपया नको.

भाऊबीजेला पुण्याच्या भावाने केर काढणारा रोबो दिला. आमच्या घरापासून पुळण हाकेवर, त्यामुळे घरात वाळू बारा महिने. मला केर दिसत नसला तरी तळपायाला लगेच कळतो, आणि यंत्राचं काम मी पायांनीच तपासलं. ओटी आणि माजघर, दोन्हीकडच्या कोब्यावर एक कण करकरला नाही. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याला चढत नाही, तिथे उचलून न्यावं लागतं, ते चालेल. यंत्राबद्दल तक्रार नाहीच. आहे ती ॲपबद्दल.

पहिल्याच पानावर सात बटणं आहेत. त्यातल्या पाचांवर टॉकबॅक नुसतं "अनलेबल्ड बटन" म्हणतं. एकेक दाबून पाहिलं तेव्हा कळलं की तिसरं सुरू करायचं आणि पाचवं चार्जिंगला परत पाठवायचं. पाठ केलं, तर अपडेट आलं आणि क्रम बदलला. तीन बोटांनी टॅप करून टॉकबॅकच्या मेनूत 'लेबल जोडा' (म्हणजे बटणाला आपणच नाव देणं) शोधलं. दुसऱ्या एका ॲपमध्ये मी अशी लेबलं लावलेली आहेत. इथे तो पर्यायच येत नाही.

पण बटणांचं एक वेळ निभावेल, नकाशाचं काय करू? यंत्र लेसर फिरवून घराचा नकाशा तयार करतं आणि ॲपमध्ये तो चित्र म्हणून येतो. त्यावर बोट फिरवलं की टॉकबॅक गप्प. "फक्त माजघर झाड" म्हणायचं तर चित्रातल्या माजघरावर बोट टेकवायचं, "इथे जाऊ नकोस" म्हणायचं तर बोटाने चौकोन ओढायचा. घरातला कोपरान् कोपरा मला झोपेत विचारलात तरी सांगेन, पण ॲपला सांगायची सोयच नाही. खोल्यांची नावं एकाखाली एक दिली असती तरी काम झालं असतं!

रोज सकाळी देवापुढे रांगोळी असते. तिथे जाऊ नकोस हे त्याला सांगता येत नसल्यामुळे सासूबाईंची हाक ठरलेली: "अगो, तुझं कासव देवापुढे गेलं!" पायपुसण्यात अडकलं की ते इंग्रजीत काहीतरी ओरडतं आणि गप्प बसतं. मग मी खाटेखाली चाचपडत. यंत्राला आवाज द्यायला लावणारं बटणही ॲपमध्ये आहे म्हणे. त्या पाचांतलं कुठलं कोण जाणे. परवा बॅटरी संपून वाटेतच थांबलं होतं, पायाचा अंगठा चांगलाच ठेचला.

ग्राहक सेवेला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला. उत्तर आलं की घरातल्या कुणाकडून तरी करून घ्या.

कुणाच्या ॲपमध्ये खोल्या यादीसारख्या वाचल्या जातात का? आणि 'लेबल जोडा' येतच नसेल तर दुसरा काही मार्ग? २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मला माहीत आहे, तक्रारही करणार आहे, पण वाळू त्यासाठी थांबणार नाही.

प्रतिसाद, चिपळूणहून: ताई, मीही टॉकबॅकवालाच. लेबल जोडायला त्या बटणाला ॲपच्या आत स्वतःची ओळख दिलेली असावी लागते. बनवणाऱ्याने ती दिली नसेल तर टॉकबॅक लेबल चिकटवणार कशाला? तो नाद सोडा. भावाला नकाशावर खोल्यांना नावं द्यायला सांगा आणि ॲप गूगल होमला किंवा अलेक्साला जोडून घ्या. सुरू कर, थांब, जागेवर जा एवढं तरी तोंडाने सांगता येतं. नाव घेऊन एकच खोली झाडून घेणं मात्र मॉडेलवर अवलंबून. खोक्यावर 'मॅटर' (वेगवेगळ्या कंपन्यांची घरातली यंत्रं एकत्र चालावीत म्हणून केलेलं मानक) लिहिलंय का तेही बघून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या मानकात रोबो व्हॅक्यूम आले. तसं असेल तर कंपनीचं ॲप बाजूला ठेवून फोनमधल्या होम ॲपवरून चालवता येण्याची शक्यता आहे. देवापुढे तूर्त एक पाट आडवा उभा करा. यंत्र त्याला धडकून मागे फिरतं.

धागाकर्ती: आभार, भाऊ. पाट लगेच लावला, रांगोळी दोन दिवस शाबूत आहे. खोकं माळ्यावर आहे, शेजारच्या मुलाला वर चढवते. ॲपमधलं खातं भावाच्या नावावर असल्यामुळे नावं देणं आणि जोडणं रविवारी तोच पुण्याहून करेल. (मध्ये एकदा त्याने तिथूनच भर दुपारी यंत्र सुरू करून दिलं, सासूबाई झोपेतून दचकून उठल्या.) खोल्यांची यादी वाचणारं ॲप कुणाकडे असेल तर मात्र अजून हवंच आहे, मॉडेलच्या नावासकट सांगा.