१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे अवयव कसे पाडावेत?

विभाज्य:
नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. या वर्गाचे मूळ अवयव मला कॅल्क्युलेटरशिवाय आणि कारणांसह काढायचे आहेत. अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ८१ ने भाग जातोच, असे म्हटले तर चालेल का? शिवाय दहा एक घेतले की ही चढती-उतरती रचना का मोडते?

दशांश:
शेवटचा प्रश्न आधी घेतो. उभा गुणाकार मांडल्यास एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत जातात, मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि दोन्ही बाजूंना ते एकेकाने घटतात, त्यामुळे हातचा कुठेच येत नाही. दहा एकांच्या वेळी मधली बेरीज १० होते आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. चढत्या भागातला ८ हातच्यामुळे नाहीसा होतो. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांचा अभ्यास करून त्यांना डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ‘डेम्लो संख्या’ म्हटले.

अंकांच्या बेरजेची कसोटी मात्र ३ आणि ९ पुरतीच खरी आहे. ९९८१ च्या अंकांची बेरीज २७ असूनही तिला २७ ने भागल्यास १८ उरतात. इथे ८१ ने भाग जातो तो १११११११११ = ९ × १२३४५६७९ असल्यामुळे, कारण वर्गात हा ९ दोनदा येतो.

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१; त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार.

विभाज्य:
पण ३३३६६७ मूळ आहे हे कशावरून? त्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ५७७ पर्यंतच्या, सगळ्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल का?

एकक:
नाही, सतरा पुरतात. ३३३६६७ चा कोणताही मूळ अवयव ‘प’ घ्या. तो १११११११११ चा आणि म्हणून तिच्या नऊपट ९९९९९९९९९ चाही अवयव असल्यामुळे १/प च्या आवर्ती दशांशातील आवर्तनाची लांबी १, ३ किंवा ९ अंकांचीच असू शकते. लांबी १ फक्त ३ ला मिळते आणि लांबी ३ फक्त ३७ ला, कारण ९९९ = २७ × ३७; या दोन्हींनी ३३३६६७ ला भागल्यास १ उरतो. म्हणजे लांबी ९ च हवी. फर्माच्या छोट्या सिद्धांतानुसार ही लांबी प − १ ला निःशेष भागते, आणि प विषम असल्याने प − १ ला १८ नेही भाग जातो. त्यामुळे १९, ३७, ७३, १०९ अशा ५७७ पर्यंतच्या सतराच मूळ संख्या उरतात, त्यांतली ३७ तर वर तपासूनच झाली. बाकीच्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

मला सर्वांत सुंदर वाटते ते हे: १/३ मध्ये एक अंक फिरतो, १/३७ = ०.०२७०२७… मध्ये तीन, आणि १/३३३६६७ = ०.०००००२९९७०००००२९९७… मध्ये नऊ; आणि या तिन्ही लांबींपैकी प्रत्येक लांबी मिळणारी दुसरी एकही मूळ संख्या नाही.