मदत हवी आहे : थाई अक्षरे ओळखता येतात, पण वाचलेले कोणालाच कळत नाही

दूरदेशी
थाई व्यंजने पाठ झाली आहेत. क्रम आपल्याप्रमाणेच वर्गवार असल्याने ती लवकर लक्षात राहिली. परंतु 'भाषा' असे लिहिलेले येथे 'फासा' वाचतात, 'रथ'चे 'रोत' होते, 'नगर'चे 'नखॉन' होते. एकाच 'ख'साठी इतकी अक्षरे कशासाठी आहेत? कृपया थेट नियम सांगावा, वेळ फार थोडा आहे.

साधाप्रवासी
लिपीच्या मागे लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बँकॉकमध्ये रोमन पाट्या भरपूर आहेत. पुरुषांनी वाक्याच्या शेवटी 'ख्रप' आणि स्त्रियांनी 'खा' म्हटले, की समोरचा माणूस आपुलकीने मदत करतो.

मात्रावेडी
रोमनचा सल्ला मला मान्य नाही. सरकारी रोमन लिप्यंतरात सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारा आवाजाचा चढउतार, दाखवत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही दाखवत नाहीत. त्यामुळे भात, बातमी आणि पांढरा हे तिन्ही शब्द तेथे अगदी सारखेच दिसतात.
दूरदेशी, आपल्याला बोलायचे आहे की वाचायचे? आणि कशावरून शिकत आहात?

दूरदेशी
नोकरीसाठी बँकॉकला आलो आहे. कार्यालयातील सूचना वाचायच्या आहेत. पुस्तकातील प्रत्येक अक्षराखाली देवनागरी अक्षर लिहून पाठांतर केले.

मात्रावेडी
मग अडचण तेथेच आहे. ही लिपी दक्षिण भारतातील पल्लव लिपीपासून कंबोडियाच्या ख्मेर लिपीमार्गे आली, म्हणून वर्गांचा क्रम टिकला. परंतु थाईतील जुने घोष ध्वनी पुढे अघोष महाप्राण झाले, म्हणजे ग आणि घ यांच्या जागची अक्षरे आज 'ख' अशी उच्चारली जातात, द-धच्या जागची 'थ' आणि ब-भच्या जागची 'फ'. तरीही ती अक्षरे निरुपयोगी नाहीत, कारण सूर त्यांच्यावरूनच ठरतो. त्यासाठी व्यंजनांचे तीन गट मानतात : वर्गातील पहिले अक्षर मध्यम गटात, दुसरे उच्च गटात आणि तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची निम्न गटात येतात. श, ष, स उच्च गटात. आता 'फासा' पाहा : 'भ' निम्न गटातील असल्याने पहिले अक्षर सपाट सुरात, आणि 'ष' उच्च गटातील असल्याने दुसरे चढत्या सुरात.
शब्दाच्या शेवटी मात्र र आणि ल यांचा 'न' होतो, थचा 'त' होतो. 'रथ'मध्ये स्वरचिन्ह नसल्याने मधला स्वर 'ओ' धरतात.

जुनेपुराणे
सुखोथाई या जुन्या थाई राज्यातील राजा रामखाम्हेंग यांच्या शिलालेखावर 1292 हे वर्ष येते आणि तो 1833 मध्ये पुढे राजे झालेल्या मोंगकुट यांना सापडला. त्यात स्वरचिन्हे व्यंजनांच्याच ओळीत आहेत. त्याच्या अस्सलपणावर विद्वानांत वाद झाला आहे, पण माझा मुद्दा असा की संस्कृत उत्तम असेल, तर थाई आपोआप येते.

मात्रावेडी
शिलालेखाची माहिती मोलाची आहे, पण निष्कर्ष पटत नाही. थाई ही क्रा-दाई या वेगळ्या भाषाकुळातील भाषा आहे. पाणी, भात, जाणे, येणे हे रोजचे शब्द संस्कृतातून आलेले नाहीत. सूचनांमधील जड शब्द संस्कृत-पालीतून आलेले असतात, एवढाच त्याचा आधार.

दूरदेशी
गटांचा नियम लावून पाहिला आणि आज एक पाटी शेजाऱ्याला कळेल अशी वाचता आली. मनापासून आभार. परंतु शब्दांमध्ये जागाच सोडलेली नसते, मग शब्द कोठे संपतो हे कसे ओळखावे? आणि डोक्यावरची लहान चिन्हे कसली?

मात्रावेडी
जागा साधारणपणे वाक्य किंवा वाक्यांश संपल्यावर सोडतात. ए, ऐ, ओ यांसारखी काही स्वरचिन्हे व्यंजनाच्या आधी, डावीकडे लिहितात, त्यामुळे ते चिन्ह दिसले की तेथून नवे अक्षर सुरू झाले असे समजावे. डोक्यावर सुरांची चार चिन्हे येतात, त्यांची नावे संस्कृत-पाली संख्यांवरून पडली आहेत. पहिले चिन्ह मध्यम आणि उच्च गटावर खालचा सूर देते, पण निम्न गटावर उतरता सूर देते, म्हणून आधी गटच पाहावा लागतो. शेवटच्या व्यंजनावर वेगळे लहान चिन्ह असेल, तर ते व्यंजन उच्चारायचे नसते.
अडलेल्या सूचनेचे छायाचित्र येथे द्या, पहिली ओळ शब्दांत तोडून दाखवते.