फॉर्म भरलात, पण मुलांना विचारलंत का?

काका, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजला देहदानाचा फॉर्म भरून दिला, आता चिंता मिटली असं तुम्ही म्हणता. पण खरी गोम पुढेच आहे. तो फॉर्म म्हणजे तुमची इच्छा. देह सोपवायचा की नाही हे प्रत्यक्षात मागे राहिलेले जवळचे नातेवाईक ठरवतात. अमेरिकेतला लेक 'मी येईपर्यंत थांबा' म्हणाला की संपलंच! देह काही तासांतच पोचवावा लागतो. म्हणून साक्षीदाराच्या सह्या मुलांच्याच घ्या, शेजाऱ्यांच्या नकोत.

देहदानाशी हृदयविकाराचा संबंध इथेच येतो. माणूस घरी झटक्याने गेला आणि नेहमीचा डॉक्टर नसेल, तर मृत्यूचं कारण लिहून द्यायला कुणी धजत नाही. मग पोलीस, शवविच्छेदन. आणि तसा देह मेडिकल कॉलेजं सहसा घेत नाहीत. (नेत्रदान केलेला मात्र चालतो.) म्हणून आमच्याकडे बाबांचे ईसीजी, टूडी इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) रिपोर्ट आणि देहदानाचं कार्ड एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, फ्रिजवर असतं.

बाकी बीपीची गोळी 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद करू नका, आणि पर्वतीची टेकडी चढताना छातीत दडपलं तर मिसळीवर ढकलू नका. आधी ईसीजी काढा.