लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर न्यावं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमच्याकडे कुत्र्याचं ९ आठवड्यांचं पिल्लू आलंय. पार्व्हो-डिस्टेंपरची (कुत्र्यांचे जीवघेणे विषाणूजन्य आजार) पहिली लस झाली, जंताचं औषधही सुरू आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवू शकते, म्हणून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी डोस द्यायचे, असं डॉक्टरांनी समजावलं. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर. तोवर बाहेर जमिनीवर सोडू नका म्हणाले. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे ते पटतंच.

पण माणसं, आवाज, गाड्या यांची सवय लागायचं वयही साधारण ३ ते १४ आठवडे, म्हणजे नेमकं हेच! दाराची बेल वाजली तरी बिचारं सोफ्याखाली जाऊन थरथरतं, बघवत नाही.

तुम्ही हे दोन्ही कसं सांभाळलंत? कडेवर घेऊन फिरवलं तर पुरतं का? सगळ्या लसी झालेला, निरोगी कुत्रा घरी आणून त्याच्याशी खेळू द्यावं का? दवाखान्यात आजारी कुत्रीही असतात, तिथे नंबर येईपर्यंत पिल्लाला कुठे ठेवता?

आणखी एक, लस दिल्यावर ते सुस्त पडून होतं. तोंड सुजलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच न्यायचं हे ठाऊक आहे, पण नुसती सुस्ती तुमच्याकडे किती वेळ टिकली?