मदत हवी आहे: 'मोर' म्हणजे समुद्र, मोठा की मरतो?

नमस्कार मंडळी,

आमच्या भाषाप्रेमी गटासाठी शब्दांच्या कुळांचा तक्ता करते आहे. त्यात 'मोर' या एका उच्चारापाशी गाडी अडली आहे. (आपला पक्षी 'मयूर'वरून आला, तो यात नाही.) जुळलंय तेवढं मांडते, पुढे जाणकारांनी हात द्यावा.

वेल्श, कॉर्निश आणि ब्रेटन या तिन्ही केल्टिक भाषांत मोर म्हणजे समुद्र. फ्रान्समध्ये १७९० साली जिल्हे आखले गेले, तेव्हा ब्रिटनीतल्या एका जिल्ह्याला चक्क ब्रेटन नाव मिळालं: मोर्बिआं, म्हणजे 'मोर बिहान', छोटा समुद्र. जमिनीत शिरलेलं, बेटांनी भरलेलं आखात ते छोटा समुद्र आणि बाहेरचं मोकळं पाणी ते 'मोर ब्राझ', मोठा समुद्र. किती नेमकी नावं आहेत! सीझरच्या लिखाणातली उत्तर गॉलच्या (म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या) किनाऱ्यावरची मोरिनी जमातही याच शब्दाची, म्हणजे दर्यावालेच.

आयरिशमध्ये मात्र मोर म्हणजे मोठा. इनिश मोर हे 'मोठं बेट', त्या नावात समुद्र नाही. आयरिशमध्ये समुद्राला 'मुइर' म्हणतात, षष्ठीत 'मारा'; आयर्लंडमधल्या कॉनमारा या प्रदेशाच्या नावातला मारा तोच. उलट वेल्शमध्ये मोठा म्हणजे 'मउर'.

आता रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांची बाजू. कॅटलानमध्ये मोर म्हणजे 'मरतो' किंवा 'मरते', रोमानियनमध्ये 'मी मरतो' आणि 'ते मरतात' दोन्ही. रोमानियन माणूस 'मोर दे फोआमे' म्हणतो, अगदी आपलं 'भुकेनं मरतोय'. मूळ लॅटिन 'मोरिओर'. हे क्रियापद रूपाने कर्मणी, अर्थाने कर्तरी, आणि आपलं 'म्रियते' आत्मनेपदी! मृ धातू दोन्हीकडे तोच, आपलं मरणं त्यातलंच. हे कळलं तेव्हा फार आनंद झाला.

खरा पेच पुढे आहे. लॅटिनमध्ये समुद्र 'मारे' आणि मरण 'मोर-'. वेल्शमध्ये समुद्र 'मोर' आणि मरण 'मारू'. स्वरांची अशी सरळ अदलाबदल कशी झाली? शिवाय वेल्शमध्ये 'मोर' म्हणजे 'इतका' असाही अर्थ आहे, तो कुठल्या रकान्यात घालू? आणि 'मर्यादा' या शब्दात हाच समुद्र दडलाय असं वाचलं, ते घ्यावं का?

प्रतिसाद १

ताई, मरणाचं कोडं सोपं आहे. मुळात तिथे स्वर नव्हताच, आपल्या 'मृ'सारखा र होता. लॅटिनने त्याचं 'ओर' केलं, केल्टिकने इथे 'अर'. म्हणून एकीकडे लॅटिन मोर्स (मृत्यू), दुसरीकडे वेल्श मारू, ब्रेटनमध्ये मार्व. समुद्राच्या शब्दात मात्र मूळचाच 'ओ' होता. केल्टिक आणि स्लाव्हिकने तो ठेवला (रशियनमध्ये लिहिताना अजून 'मोरे'च), लॅटिनमध्ये 'आ' झाला. त्याचं कारण म ओष्ठ्य असल्यामुळे पुढचा ओ मोकळा झाला असं काही अभ्यासक देतात, पण त्यावर एकमत नाही. तेव्हा अदलाबदल एका घटनेतून झालेली नाही, दोन वेगळ्या वाटा योगायोगाने समोरासमोर आल्या.

'इतका' हा अर्थ समुद्राच्या रकान्यात घालू नका. तो 'मउर'चाच, आघात नसल्यामुळे झिजलेला. वेल्शमध्ये बिनआघाताच्या जागी 'अउ'चा 'ओ' होतो. घोडेस्वाराला जुना शब्द 'मार्खउग', आज 'मार्खोग'. म्हणजे वेल्श आणि आयरिश मोर इथे पुन्हा भाऊबंद निघाले.

प्रतिसाद २

मर्यादेबद्दल माझं मत: घेऊ नका. 'समुद्राने मर्यादा ओलांडली' आपण म्हणतोच, त्यामुळे मूळ अर्थ किनारा असावा असं वाटणं साहजिक आहे, आणि जुन्या व्युत्पत्तिकोशांत तशी सूचना आहेही. पण ऋग्वेदात (१०.५.६) 'सप्त मर्यादाः' येतात त्या कवींनी घडवलेल्या सात सीमा, सागरकिनारे नव्हेत. संस्कृतात समुद्र या अर्थाचा 'मर' शब्द स्वतंत्रपणे कुठे चालत नाही. घ्यायचीच असेल तर तुटक रेषेने जोडा आणि शेजारी प्रश्नचिन्ह द्या. 'म्रियते' ते 'मोर' ही रेषा मात्र बिनधास्त ठळक काढा.