दोघांचा शब्दचौकोन: आधी काना-मात्रेचं ठरवा

ए-१०२: पाऊस थांबत नाही आणि संध्याकाळी लाईट जातेच. घरात दोनच पोरं, ९ आणि १२ वर्षांची. नाव-गाव-फळ-फूल दोघांत रंगत नाही. कागद-पेन्सिलीवरचं दुसरं काही सुचवा ना.

बी-३०४ काका: शब्दचौकोन. दोघांनी आपापल्या कागदावर ४ बाय ४ चा चौकोन आखायचा, एकमेकांना दाखवायचा नाही. आळीपाळीने एकेक अक्षर पुकारायचं. पुकारलेलं अक्षर दोघांनीही लगेच कुठल्याही रिकाम्या घरात लिहायचं. घरं १६, म्हणजे प्रत्येकाच्या ८ हाका. चौकोन भरला की आडवे-उभे शब्द मोजायचे. इंग्रजीत ५ बाय ५ खेळतात, पण मग एकाला १३ हाका, दुसऱ्याला १२. शिवाय मराठीत पाच अक्षरी शब्द जुळवता जुळवता दमछाक होते.

ए-१०२: काका, 'कि' पुकारलं तर 'कि'च लिहायचं?

बी-३०४ काका: नाही, भांडणं इथेच होतात. फक्त व्यंजन पुकारायचं. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ज्याचा त्याने लावायचा. 'अ' पुकारला की आ, ई, उ, ए, ओ काहीही लिहा. स, र, म, अ आले की सुरमई तयार.

सी-२०१ काकू: पण आडव्या शब्दाला जी मात्रा तीच उभ्याला. कोपऱ्यात 'सु' लिहून आडवी सुरमई केलीत, तर खाली सुपारी जाईल, सोलकढी नाही. तिला 'सो' लागतो. हे सैल सोडलंत तर खेळात काही राम उरत नाही.

बी-३०४ काका: अगदी. आणि दोन अक्षरी शब्दाला गुण द्यायचे नाहीत. मात्रा मोकळी आहे ना, क आणि ळ शेजारी आले की कोळी, केळी, काळा, कळी, हवं ते होतं. तीन अक्षरीला ३, चार अक्षरीला ६. एका ओळीत एकच शब्द धरायचा, मोठा असेल तो.

ए-१०४: जोडाक्षरं?

बी-३०४ काका: लहान मुलांबरोबर वर्ज्य.

सी-२०१ काकू: मला नाही पटत. प्र, त्र, स्त गेले की किती शब्द जातात! प्रत्येकाला जोडाक्षराची एक हाक द्यावी. मात्र साध्या अक्षराला मागाहून रफार लावू द्यायचा नाही.

आणि ळ, ण सांभाळा. यांनी मराठी शब्द सुरू होत नाही. वरच्या ओळीत किंवा डाव्या रकान्यात बसले की तिथून शब्द निघत नाही, ओळीत फार तर तीन अक्षरी उरतो. उजवा खालचा कोपरा त्यांच्यासाठी राखा: आडवा नारळ आणि उभं पडवळ दोन्ही त्या एका ळ वर संपतात. समोरच्याने तो कोपरा भरलाय असा अंदाज आला की मग ळ पुकारायचा.

ए-१०२: गावांची नावं चालतील?

सी-२०१ काकू: मोठ्यांत नको. पोरांना रत्नागिरी-सिंधुदुर्गातली चालू द्या: देवगड, मालवण, दापोली, आचरा. भूगोलही होतो.

बी-३०४ काका: कागदाचं सांगतो. गणिताच्या चौकटीच्या वहीतली एक चौकट पुरत नाही, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांची गर्दी होते. २ बाय २ चौकटींचं एक घर करा. खोडरबर ठेवूच नका. या दिवसांत कागद सादळलेला असतो, घासला की फाटतो. ९ वर्षांच्याला अक्षर लगेच लिहायला लावा, मात्रा शेवटी लावू द्या. मोठ्याने दोन्ही लगेच लिहायचं. वयातला फरक एवढ्याने बराच भरून निघतो.

ए-१०४: याहून छोटं काही? जेवण वाढेपर्यंत.

सी-२०१ काकू: शब्दांची शिडी. लुईस कॅरल यांनी १८७७ मध्ये काढलेला खेळ. एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जायचं, दर पायरीला एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द हवा. मराठीत 'हो' चा थेट 'गा' करू दिला तर होडीची गाडी एका उडीत होते. म्हणून एका पायरीला व्यंजन बदला नाहीतर मात्रा, दोन्ही नाही. होडी, गोडी, गाडी. दोघांना तेच दोन शब्द द्यायचे, कमी पायऱ्या त्याचा डाव.

ए-१०२: आज होडी ते माळी देते दोघांना.

सी-२०१ काकू: तीन पायऱ्यांत होतं. मोडीवरून जा म्हणावं.