मदत हवी आहे: एकच छोटा शब्द, भाषेगणिक वेगळा अर्थ

नमस्कार मंडळी. खारघरला आमच्या सोसायटीत २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी मुलांसोबत एक मोठा तक्ता करतोय. इमारतीत गुजराती, कानडी, मल्याळी, बंगाली अशी सगळी घरं आहेत, त्यामुळे फक्त मराठीचं कौतुक करून थांबायला मन होईना.

आतापर्यंत जमलेलं सांगते. 'बा' म्हणजे आपल्याकडे गावाकडचा बाप, गुजरातीत आई आणि कन्नडमध्ये चक्क 'ये'! 'ताई' आपली मोठी बहीण, हिंदीत मात्र मोठी काकू. 'दादा' आपला आणि बंगाली लोकांचा मोठा भाऊ, हिंदी-गुजरातीत आजोबा. मराठी 'पट्टी' दप्तरात असते, मल्याळममध्ये पट्टी म्हणजे कुत्रा. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो.

अडचण पुढे आहे. 'शिक्षा'सारखे शब्द एकाच संस्कृत मुळातून येऊन अर्थाने दुरावलेत (हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड). 'ने'सारखे निव्वळ योगायोगाने जुळलेत. मला हे दोन गट वेगळे दाखवायचेत, कारण मुलांना सगळंच एका माळेत ओवलेलं दिलं तर चुकीचं शिकवल्यासारखं होईल. 'पट्टी' कुठल्या गटात घालू?

शिवाय आगरी, तुळू आणि कोकणीतले असे शब्द हवेत. आगरी तर इथलीच बोली, ती तक्त्यावर नसणं मला अजिबात पटत नाही. दोन-तीन अक्षरांचेच, घरात बोलले जाणारे शब्द द्या आणि उच्चार ऱ्हस्व की दीर्घ तेही लिहा.